तारेखालून जाणारा रथ

छत्रीबागेत पाऊस पडून गेला आहे, पण गारवा नावालाही नाही. होळकरांच्या छत्र्यांचे, म्हणजे समाध्यांचे, दगड ओले आहेत आणि वरून ऊन आलं आहे. दगडांतून वाफ निघते. फाटकाशी रखवालदाराची प्लॅस्टिकची खुर्ची रिकामी. पाठीवर त्याचा पंचा वाळत घातलेला. कळसांवर पारवे. एका छत्रीच्या जोत्यावर दोन पोरं मोबाइलमध्ये डोकं घालून बसली आहेत. भिंतीला लागून हातगाडी उभी आहे. गाडीवर जांभळं, मिठाची पुडी, रद्दीच्या कागदाचे तुकडे. जांभूळवाल्याचं गिऱ्हाइकाकडे लक्ष नाही. तो गल्लीच्या तोंडाकडे बघतो आहे.

आज आषाढ शुद्ध द्वितीया. तिकडे पुरीला जगन्नाथाचा रथ निघतो, त्याच दिवशी इथल्या लक्ष्मी-व्यंकटेशाचाही निघतो. निघायला अजून अवकाश आहे. इंदूरच्या जुन्या वस्तीत मात्र वेळेच्या आधी येऊन उभं राहणं हाच उत्सवाचा निम्मा भाग असतो.

मंदिराकडे वळलं की पहिल्यांदा भेटतात त्या चपला. दारापासून पार कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. कोल्हापुरी, रबरी, लहान मुलांचे दिव्याचे बूट. एक स्वयंसेवक मुलगा काठीनं त्यांच्या रांगा लावतो आणि लोक परत त्या मोडतात. बायका बांधणीच्या साड्यांत, चुनरीत. पुरुषांच्या कपाळावर उभा वैष्णवी टिळा. मधूनच एखादी काठापदराची साडी, केसात अबोलीचा गजरा: “अहो, इकडून या, तिकडे कीच आहे.” चिखलाला कीच म्हणणारं मराठी ऐकू आलं की समजावं, घर इंदूरचं, पिढ्या इथल्याच.

आत तमिळ पद्यं म्हटली जात आहेत. म्हणणारी बटू मंडळी दिसायला तरी राजस्थान-माळव्याकडची. समोर वह्या, त्यांत नागरीत लिहिलेले तमिळ शब्द. उच्चार कुठे अडखळत नाहीत. देऊळ रामानुजाचार्यांच्या संप्रदायाचं. ते अकराव्या-बाराव्या शतकातले, तमिळ मुलखातले. श्रीरंगम ही त्यांची कर्मभूमी. त्यांचा संप्रदाय राजस्थानात रुजला आणि मारवाडी व्यापाऱ्यांबरोबर माळव्यात आला. धनुर्मासात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत, या संप्रदायात पहाटे आंडाळ या संतकवयित्रीची तीस तमिळ पद्यं म्हणतात. मराठी राजांच्या समाध्यांशेजारी, हिंदी बोलणाऱ्या गल्लीत, मारवाडी कंठांतून तमिळ स्तोत्र. इथल्या कुणाला यात नवल वाटत नाही. माझ्या शेजारी उभा असलेला पोरगा तर जांभई देतो आहे.

रांग हळूहळू पुढे सरकते. पंखे फिरतात, पण वारा डोक्यावरूनच जातो. तुळस, कापूर, घाम आणि ओल्या छत्र्यांचा वास. पुढे पुजारी एका हातानं तीर्थ देतो. दुसऱ्या हातात चांदीचा लहानसा मुकुट आहे. वर भगवंताची पावलं कोरलेली. ही शठारी. समोर आलेल्या प्रत्येकाच्या डोक्यावर ती क्षणभर टेकवायची. पुजाऱ्याचा हात यंत्रासारखा चालतो: डोकं, मुकुट, पुढचा. शेटजींची टोपी निघते, डोकं वाकतं. मागच्या हमालाचं डोकं वाकतं. कडेवरच्या तान्ह्याच्या डोक्यावर मुकुट टेकतो आणि ते भोकाड पसरतं. ही शठारी ज्यांच्या नावानं ओळखली जाते ते शठकोप, म्हणजे तमिळ संतकवी नम्माळवार. परंपरेप्रमाणे वेळ्ळाळ या शेतकरी जातीतले. ब्राह्मण नसलेल्या कवीच्या नावाचा मुकुट आजही पुजारी सगळ्यांच्या माथ्यावर ठेवतो. माझ्या कपाळाला चांदी गार लागते. बस, तेवढंच. मागून कुणीतरी ढकलतं: “चलो भिया, आगे।”

बाहेर रथ सजतो आहे. झेंडू, शेवंती, केळीचे खांब. एक जण शिडीवर चढून कळसाला माळ गुंडाळतो. दुसरा खालून सांगतो, डावीकडे कमी पडली. गाभाऱ्यातली मूळ मूर्ती जागची हलत नाही. बाहेर येते ती उत्सवमूर्ती. दक्षिणेकडच्या देवळांची ही जुनी सोय आहे. ज्याला देवळापर्यंत येता येत नाही, पूर्वी ज्याला येऊ दिलं जात नसे, त्याच्या दारासमोरून देवानंच जायचं. अंथरुणाला खिळलेली आजी असो, गल्ला सोडता न येणारा दुकानदार असो, नाहीतर वाटेतला भिन्न धर्माचा माणूस. रस्त्यावर कुणाला कोण विचारतो?

उत्सवमूर्ती येते तशी गर्दी पुढे लोटते. “गोविंदा, गोविंदा!” पोलीस शिपाई दोरखंड धरून कडं करतात. एक उजवीकडे, एक डावीकडे, असे दोन लांब रस्से रथाला बांधलेले. डाव्या रश्शाला बायका लागतात. पदर खोचलेले, काहींनी मोबाइल चोळीत सरकवलेला. उजव्या रश्शाला पुरुष. कॉलेजातल्या मुली आणि त्यांचे मित्र जिथे जागा मिळेल तिथे. शंख वाजतो. रथ हलत नाही. पुन्हा “गोविंदा!” चाक कुरकुरतं, एक हात पुढे येतं, थांबतं. तिसऱ्या हिसक्याला रथ निघतो.

रथाच्या पुढे ढोल-ताशा पथक. पुण्यासारखं. फेटे बांधलेल्या मुली कमरेला ढोल बांधून टिपऱ्या उचलतात. त्यापुढे इंदुरी बँड. पितळी वाद्यं, लाल कोट, कोटावर सोनेरी झिरमिळ्या. त्यांचं भजन आणि ढोलाचा ठोका जुळत नाही. कुणी जुळवायलाही जात नाही. त्यापुढे भजनी मंडळी, त्यापुढे घोडे. चाकांशी दोन माणसं लाकडी ठोकळे घेऊन चालतात. उतार आला की ठोकळा चाकाखाली. जळगावच्या रथाला मोगरी लावतात तसाच हा प्रकार. जळगावचा तो रामरथही वाटेत एका मुसलमान संताच्या समाधीशी थांबतो. रथ हाकण्यात निम्मं कौशल्य थांबवण्याचं.

या सगळ्यांच्याही पुढे एक माणूस चालतो आहे. त्याच्याकडे कुणी बघत नाही. खांद्यावर लांब बांबू, बांबूच्या टोकाला आडवी पट्टी, पट्टीवर प्लॅस्टिकची नळी चढवलेली. पायात गमबूट. तो मान वर करूनच चालतो. विजेची मोठी लाइन रथ गल्लीत शिरला की बंद होते. उरतात त्या केबलच्या, टेलिफोनच्या, इंटरनेटच्या तारा. जुन्या इंदुरात एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत आडव्या गेलेल्या. तार दिसली की तो बांबू लावतो, ती वर उचलतो, रथाचा कळस खालून जाईस्तोवर तोलून धरतो. हात थरथरतात. मग तार सोडून, वाकून, गर्दीतून वाट काढत पुन्हा पुढे पळतो. पुढची तार पंधरा पावलांवर आहे.

नृसिंह बाजार. रस्ता अरुंद होतो. दोन्ही बाजूंना ओटले, म्हणजे आपले ओटे, त्यांवर माणसं. वरच्या मजल्यांवर लाकडी गजांच्या खिडक्या आणि प्रत्येक खिडकीत चार-चार चेहरे. एका ओटल्यावर आजीबाईंना खुर्चीत आणून बसवलं आहे. पाय सुजलेले, मांडीवर फुलांची परडी. “काकू, थोडं सरकता का, आजींना दिसत नाहीये.” पुढच्या बाई सरकतात. त्या मराठी नाहीत. सुरावरून कळलं असावं. रथ समोर येतो. आजी फुलं फेकतात, ती ठोकळेवाल्याच्या पाठीवर पडतात. तो मागे वळून हात जोडतो आणि पुन्हा चाकाशी वाकतो.

दर पन्नास पावलांवर स्वागतमंच. इंदूरचा हा खास रिवाज. चार बांबू, वर कापड, पाठीमागे फ्लेक्स. फ्लेक्सवर नेत्यांचे फोटो देवापेक्षा मोठे. मंचावरून रथावर फुलं, रथातून मंचावर प्रसाद. ज्याचा मंच त्याचं सरबत. एकीकडे ठंडाई, एकीकडे पाण्याचे पाऊच. एका मंचावर व्यापाऱ्यांची संघटना, पुढच्यावर कुठल्यातरी समाजाची धर्मशाळा, त्यापुढच्यावर पांढऱ्या-सोनेरी टोपीतले बोहरा गृहस्थ शेजाऱ्यांबरोबर उभे. लाउडस्पीकरवरचा निवेदक नावं वाचतो. वाचताना दम लागतो, कारण एकही नाव राहून चालत नाही. इथे पुढच्या वर्षीच्या वर्गणीचा प्रश्न असतो.

मीही एक पाऊच फोडतो. पाणी कोमट. रिकामा पाऊच टाकू कुठे म्हणून बघतो, तोच एक मुलगी पिशवी पुढे करते. शहर २०१७ पासून देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात अव्वल येत आहे. इथल्या पोरांच्या अंगात ते भिनलं आहे. रस्त्यावर कागद टाकला तर अनोळखी माणूसही हटकतो.

सीतलामाता बाजारात रथ शिरतो तेव्हा दिवे लागलेले असतात. साड्यांची दुकानं. काचेमागे लेहंगे घातलेल्या बाहुल्या, त्यांच्या पायाशी खरी माणसं. सेल्समन मुलं दुकानाच्या पायरीवर उभी राहून मोबाइलवर शूटिंग करतात. याच बाजारात २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मुसलमान कामगारांना दुकानांतून कमी करा, अशी मागणी उठली होती. काहींना काम सोडावं लागल्याचं वर्तमानपत्रांत आलं. आज पायरीवर उभ्या असलेल्या मुलांतली कोण कोण त्या आधीची, कोण नंतरची, बघून सांगता येत नाही. रस्ता सगळ्यांचा असतो. गल्ल्यापलीकडची जागा कुणाची, हे दुकानाचा मालक ठरवतो. रथ दोन्हींच्या मधून जातो. निवेदक इथेही नावं वाचतो आहे.

पुढे तार खाली आली आहे. काळी, जाड, बहुतेक फायबरची. बांबूवाला एकटा पुरत नाही. पहिल्या मजल्यावरचा एक जण झाडूचा दांडा काढून खिडकीतून तार वर ढकलतो. खालून ओरडा: “बस, बस, रोक!” कळस निघून जातो. खिडकीतला माणूस झाडू खांद्याला लावून सलाम ठोकतो. गल्ली हसते.

गोराकुंडचा चौक. इथे सगळं थांबतं. एका बाजूनं पोलिसांनी लोखंडी कठडे लावून वाहतूक वळवली आहे. कठड्यांपलीकडे दुचाकींचे हॉर्न. ढोलपथकाला मोकळी जागा मिळते आणि ते गोल करतात. ताशाची कडकड थेट छातीत शिरते. एक लहान मूल दोन्ही कानांवर हात ठेवून, तरीही पुढच्या रांगेत.

इंदूरची सगळी मोठी गर्दी या चौकाला ठाऊक आहे. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, येते ती इथूनच राजवाड्याकडे जाते. टँकर, पाण्याच्या तोफा, गुलालाचा ढग, लाखो माणसं. त्या दिवशी कोण कुठल्या जातीचं, कोण कुठल्या मोहल्ल्यातलं, काही ओळखू येत नाही. रंग धुतल्यावर पुन्हा येतं. अनंत चतुर्दशीच्या रात्री कापडगिरण्यांच्या झांक्या निघतात. दिव्यांनी फिरणारे देखावे, पुढे आखाडे, तलवारबाजी, लाठी. ही परंपरा शतकभराची. गिरण्या केव्हाच बंद पडल्या. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ ला बंद झाली तेव्हा ५,८९५ कामगार रस्त्यावर आले. त्यांचे पैसे मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. पण मधल्या बत्तीस वर्षांत पैसे नाहीत म्हणून झांकी थांबू दिली नाही. वर्गणी काढली, जुन्या मोटारी दुरुस्त केल्या, देखावे उभे केले. चौकातला एक म्हातारा सांगतो, “पगार नव्हता, पण नंबर आपला होता. नंबर सोडला की दुसरा घुसतो.” मिरवणुकीतली आपली पाळी. ती सोडायची नाही. हे सांगताना त्याचा आवाज चढतो. बाकी सगळं त्यानं अगदी साध्या सुरात सांगितलेलं असतं.

शक्कर बाजार ओलांडून रथ मोठ्या सराफ्यात येतो. रात्र झाली आहे. सराफ्यात दिवसा सोनं-चांदी आणि रात्री खाणं, हा नेम. दुकानांची शटर खाली आली की त्याच ओटल्यांवर कढया चढतात. आज कढयांना रथासाठी थांबावं लागलं आहे. भुट्ट्याचा कीस करणारा किसणी पुसत बसला आहे. शेजारी साबुदाण्याच्या खिचडीचं पातेलं वाफेवर ठेवलेलं. वरून लिंबू, तिखट, फराळी चिवडा. मराठी घरातली उपासाची खिचडी इथे चौकात येऊन चटकदार झाली आहे. जलेब्याची भट्टी पेटायची बाकी आहे. गिऱ्हाइकं हात बांधून उभी. भूक आणि भक्ती एकाच रांगेत ताटकळते.

एका ओटल्याच्या कडेला तिघे तरुण बसले आहेत. बोटांची टोकं काळी, नखांत पॉलिशची राख. हे बंगाली कारागीर. सराफ्याच्या माड्यांवर, कमी उंचीच्या खोल्यांत, गॅसच्या ज्योतीवर डाग देण्याचं काम करतात. इंदूरचे कित्येक दागिने त्यांच्या हातचे. रथ बघायला ते खाली उतरले आहेत. त्यांतला एक हुगळी जिल्ह्याचा. तिथल्या माहेशचा रथ बंगालमधला सगळ्यात जुना मानतात. “रथाच्या दिवशी घरी पापड आणि जिलबी,” तो मोडक्या हिंदीत सांगतो. पापड इथे मिळेल का, विचारतो. मिळेल. जिलबीसाठी भट्टी पेटेपर्यंत थांबावं लागेल. तिघांतला एक रथाजवळ जात नाही. मागे ओटल्यावरच बसतो. दोस्ताच्या चपला सांभाळतो. पहिला रश्शाला हात लावून येतो, मग चपला घालतो, मग तिघे मिळून भट्टीकडे बघत बसतात.

सराफ्यातून राजवाडा हाकेच्या अंतरावर. गल्लीच्या तोंडातून त्याचे वरचे मजले दिसतात, दिव्यांनी उजळलेले. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन होईपर्यंत इथूनच कारभार चालला. घराणं धनगरांचं, कुलदैवत मल्हारी मार्तंड. राजवाड्यात त्याचं देवघर आहे. राज्याचे हुकूम श्री शंकराच्या नावानं निघत. याच दरबारानं मोहरमचा ताजियाही उभा केला. राजवाड्याजवळच्या इमामबाड्यात तो बनतो आणि करबला मैदानाकडे जातो. तिथे मेळा भरतो. संस्थान जाऊन पाऊणशे वर्षं उलटली, तरी लोक त्याला अजून ‘सरकारी ताजिया’च म्हणतात. २०२५ साली आषाढी एकादशी आणि मोहरमची दहावी एकाच रविवारी आली होती, ६ जुलैला. अधिक महिन्यानं आपलं पंचांग सावरतं. हिजरी वर्ष मात्र दरसाल दहा-अकरा दिवस मागे सरकतं. त्यामुळे काही वर्षांनी कधी होळीला रमजान भेटतो, कधी गणपतीला ईद-ए-मिलाद. कॅलेंडर दोन, रस्ता एकच. मग वेळा वाटून घ्याव्या लागतात.

सगळ्या वेळा शांततेत वाटल्या गेल्या असंही नाही. समोरचा हा राजवाडा १९८४ च्या शीखविरोधी दंगलीत जळाला. तिथून जवळच इमली साहिब गुरुद्वारा आहे. गुरू नानक या गावी आले तेव्हा चिंचेच्या झाडाखाली बसले होते, अशी श्रद्धा. त्या वर्षी शीख घरांवर काय गुदरलं, ते या भागातले जुने लोक विचारल्याशिवाय सांगत नाहीत. विचारलं तर सांगतात, पण खाली बघून. राजवाड्याचं लाकूडकाम नंतर नव्यानं उभं राहिलं.

पिपली बाजार, बजाजखाना. गर्दी पांगू लागते. दिवसभर पायांवर उभी असलेली माणसं आता भिंतींना टेकतात. ढोलवाल्या मुलींनी ढोल उतरवलेत. एकीच्या कमरेला पट्ट्याचा लाल वळ उठला आहे, दुसरी त्यावर बर्फ धरते. बँडवाले पाइपमधली लाळ झटकतात. रश्शाला आता निम्मीच माणसं आहेत आणि त्यांत ज्यांना कुणी सुरुवातीला जागा दिली नव्हती ती दिसतात. चहाच्या टपरीवरचा पोऱ्या. डोक्यावर लाइट घेऊन चालणाऱ्या दोन बायका. दिवे उतरवून त्या क्षणभर दोर धरतात. ओढताना एकीला हसू फुटतं.

त्यांच्या मागे, शंभरेक पावलांवर, महापालिकेचे झाडूवाले. नारिंगी जाकिटं, हातात लांब दांड्याचे झाडू. फुलं, पाऊच, नारळाच्या शेंड्या, तुटलेला चपलेचा अंगठा. सगळं गोळा होतं आणि मागच्या गाडीत पडतं. ओलं वेगळं, सुकं वेगळं. रथ असो, गेर असो, झांक्या असोत, जुलूस असो; मिरवणुकीतलं शेवटचं पथक दर वेळी हेच. दुपारी देवळात शठारीची रांग लागली तेव्हा ते ड्युटीवर होते, कठड्यांच्या बाहेर. आता रथ परत देवळात शिरतो आहे, तरी ते अजून बजाजखान्यातच. एका मंचावर थोडी ठंडाई उरली आहे. मंचवाला हाक मारतो. एक बाई झाडू भिंतीला टेकवून ग्लास घेते. उभ्यानंच पिते. तिच्या गळ्यात एक झेंडूची माळ आहे. रस्त्यात पडलेली, पण न तुडवलेली.

छत्रीबागेत प्रसादाची रांग पुन्हा तेवढीच लांब. द्रोणात दहीभात, वर डाळिंबाचे दाणे. दुसऱ्या पातेल्यात चिंचेचा भात. वाढणारा कुणाला नाव विचारत नाही. मागणाऱ्याला पुन्हा देतो. जांभूळवाल्याची गाडी रिकामी झाली आहे. तो द्रोण घेऊन तिच्यावरच बसला आहे.

कोपऱ्यावर मंच सोडवणं चालू आहे. तंबूवाला बांबूंची दोरी कापतो. बांबूवाला, म्हणजे तारा उचलणारा, ओटल्यावर बसून चहा पितो. हात अजून किंचित थरथरतात. मी विचारतो, सगळ्यात अवघड काय? “उंची म्हटली तर ताजिया,” तो म्हणतो. “गेल्या महिन्यात याच्यापेक्षा वर धरावी लागली. झांकी रुंद असते, तिला बाजूच्या तारा. रथ बरा. रथ सरळ जातो.” कुणाची किती उंची, कुठल्या वळणावर काय अडतं, हे त्याला पाठ आहे. कुठेही लिहिलेलं नाही.

“ती सीतलामाताची काळी तार,” तंबूवाला म्हणतो, “तिचं काय?”

“बांधून घ्यावी लागेल. अनंत चतुर्दशीच्या आत.”

“त्याआधी मिलाद आहे. बंबई बाजारात गेट लागेल, रोषणाई लागेल. शिडी तिकडे जाईल माझी.”

“मग आधी तिकडचं करू,” तो म्हणतो आणि फोन काढून तारीख टाकतो. “शिडी किती फुटी आहे तुझी?”